स्नायू फुटतात तेव्हा: वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

खानदेशात इंटर्नशिपला किंवा मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायूपेशी फुटून त्यांतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूंतील प्रथिन) रक्तात उतरणे, हे निदान रिपोर्टवरून होते. पण ते का झाले, हे रुग्णाशी आणि नातेवाइकांशी बोलूनच कळते.

पुस्तके चेंगरण्याच्या इजेपासून सुरुवात करतात, कारण १९४१ मध्ये लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांच्या ढिगाऱ्यांतून काढलेल्या माणसांची मूत्रपिंडे नंतर निकामी झाल्याचे बायवॉटर्स आणि बील यांनी नोंदवले. आपल्याकडे पहिला संशय उन्हाळ्याचा घ्यावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि अशा उन्हात रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर किंवा पोलीस भरतीसाठी सरावाविना एकदम धावू लागलेला मुलगा मांड्या दुखतात म्हणून येतो. अंग दुखते म्हणून त्याने आधीच वेदनाशामक इंजेक्शन घेतले आहे का, हे विचाराच. शरीरातील पाणी आटलेले असताना ती औषधे मूत्रपिंडाला आणखी घातक ठरतात.

याखेरीज शेतपंपाचा शॉक, लांबलेले झटके, दारू पिऊन एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहणे आणि काही सापांचे विष ही कारणे आहेतच. चेहरा व मान सुजलेली असेल, तर केसांचा काळा रंग प्यायला गेला आहे का, हे नातेवाइकांना बाजूला घेऊन हळुवारपणे विचारावे. त्यातील पॅराफेनिलीनडायामाइन आधी श्वासमार्ग धोक्यात आणते आणि मग स्नायू. वयस्क रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा. ॲटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन) चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू झाले, तर स्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते.

लघवी स्वतः पाहा. ती कोऱ्या चहासारखी दिसते, तपासणीच्या पट्टीवर (मायोग्लोबिनमुळे) रक्त दाखवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मात्र फारशा सापडत नाहीत. हा विरोधाभास दिसला की रक्तातील सीके (क्रिएटिन कायनेज, फुटलेल्या स्नायूंतून रक्तात येणारे एन्झाइम) तपासणीला पाठवा; ते साधारणतः कमाल मर्यादेच्या पाचपटीहून अधिक असते आणि इजेनंतर एक ते तीन दिवस चढत राहते, म्हणून पहिल्या आकड्यावर निर्धास्त होऊ नये. ईसीजी मात्र रिपोर्टची वाट न पाहता काढावा, कारण रुग्ण मूत्रपिंडाआधी पोटॅशियमने दगावू शकतो.

सलाइन लवकर आणि मोजून द्यावे, लघवीची तासागणिक नोंद ठेवावी आणि छातीत पाणी साचत नाही ना, ते पाहत राहावे. नुसते कॅल्शियम कमी आले म्हणून ते भरून काढण्याची घाई नको, कारण पुढे ते आपोआप चढते. पोटॅशियममुळे ईसीजी बिघडला असेल किंवा पेटके येत असतील, तरच द्यावे. इकडे नातेवाईक प्रेमाने केळी आणि नारळपाणी घेऊन येतात, आणि दोन्हींत भरपूर पोटॅशियम असते. ते का द्यायचे नाही, हे सोबत बसणाऱ्या माणसाला तुम्हीच समजावून सांगा, शक्य असेल तर अहिराणीतून. केवळ फलकावर लिहून भागत नाही.

थोड्याशा श्रमानेही एखाद्या तरुणाला हाच त्रास पुन्हा झाला, तर मॅकआर्डलसारख्या जन्मजात आजाराचा विचार करून त्याला पुढच्या तपासणीसाठी पाठवावे, आणि तो निकाल येईपर्यंत धावणे बंद ठेवायला सांगावे.