टँकवर शंका घेण्याआधी पीएच प्रोब कॅलिब्रेट करा

मीटरवर ७.७ दिसलं की नवशिक्याचा हात लगेच पीएच वाढवायच्या पावडरीकडे जातो. तसं करू नका. रीफ टँकचा, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा, पीएच दिवसरात्रीत साधारण ७.८ ते ८.४ मध्येच खालीवर होतो. प्रोब, म्हणजे मीटरची पाण्यात बुडणारी कांडी, ०.३ ने चुकत असेल तर यातली निम्मी पट्टी तिथेच गेली.

कॅलिब्रेट करायला, म्हणजे मीटरचा आकडा जुळवून घ्यायला, बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं) ७ आणि १० चे घ्या, कारण टँकचं पाणी या दोघांच्या मध्ये येतं. ४ चा बफर कॅल्शियम रिअॅक्टरमधल्या (टँकला कॅल्शियम पुरवणाऱ्या उपकरणातल्या) प्रोबसाठी ठेवा, तिथे पीएच सहाच्या घरात असतो. छोटी पाकिटं बरी. फोडलं, वापरलं, फेकलं. १० चा बफर उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतो, आणि मग मीटर टँकचा पीएच आहे त्यापेक्षा जास्त दाखवायला लागतो.

आधी प्रोब साफ करा. काचेच्या गोळीवर पांढरी पुटं दिसत असतील तर १०–१५ मिनिटं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. शेवाळ, बुळबुळीत थर असेल तर मऊ ब्रशने अगदी हलक्या हाताने काढा. आर.ओ. पाण्याने धुवा, टिश्यूने टिपून घ्या. गोळी पुसायची नाही: घासल्याने स्थिर विद्युत साचते आणि आकडा भरकटतो. व्हिनेगर वापरलं असेल तर तासभर पोटॅशियम क्लोराइडच्या स्टोरेज द्रावणात ठेवा.

न फोडलेली बफरची पाकिटं पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, म्हणजे त्यांचं तापमान टँकइतकं होईल. १० चा बफर २५ अंश सेल्सिअसला १०.०० असतो, २० ला सुमारे १०.०६, ३० ला सुमारे ९.९७. मीटरचं तापमान-समायोजन प्रोबचा उतार (एका पीएचमागे किती मिलिव्होल्ट बदलतात ते) सांभाळतं. बफर स्वतः बदलतो, त्याचा हिशोब प्रत्येक मीटर करत नाही. पाकिटावरचा तक्ता बघून त्या तापमानाचा आकडा भरा.

आता प्रोब ७ मध्ये. एकदा हलकेच ढवळा, गोळीला बुडबुडा चिकटला असेल तर निघून जाईल. आकडा अर्धा मिनिट जागचा हलला नाही की मगच बटण दाबा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, घाईने. धुवा, टिपा, १० मध्ये तेच करा. मीटर मिलिव्होल्ट दाखवत असेल तर ७ ला शून्याच्या आसपास, फार तर ३० इकडेतिकडे यायला हवं, आणि १० ला त्याहून साधारण १७७ ने खाली. हा फरक १६० च्या आत आला, किंवा स्वच्छ प्रोबलाही स्थिरावायला पाच-पाच मिनिटं लागू लागली, तर प्रोब म्हातारा झाला. बहुतेक प्रोब दीड-दोन वर्षंच टिकतात. काढून ठेवायचा असेल तर स्टोरेज द्रावणातच, नुसत्या आर.ओ. पाण्यात ठेवला तर आतले क्षार बाहेर पाझरतात.

शेवटी टँकचं पाणी कपात काढा, प्रोब त्यात बुडवा. कपात ८.२ आणि टँकमध्ये ७.९ दिसलं तर कॅलिब्रेशनला हात लावू नका. हीटर, पंप एकेक करून बंद करत जा. ज्याच्यामुळे आकडा उडी मारेल, त्याची वीज पाण्यात गळते आहे. ते उपकरण प्लगमधून काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.