कॅप्चा लावूनही फॉर्ममधून स्पॅम येतोय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबडचा कारखानदार असो, पिंपळगाव बसवंतचा द्राक्ष निर्यातदार असो की पंचवटीतला लॉजवाला, वेबसाइट जुनी व्हायला लागली की तक्रार एकच येते. ‘तुमची साइट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ छापाच्या मेलनी इनबॉक्स भरलाय आणि खरी एन्क्वायरी त्यात सापडत नाही. मग साइट करणाऱ्याला फोन जातो, तो कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र, हे तपासणारी चाचणी) लावून देतो, स्पॅम मात्र येतच राहतो. पुढचा प्रश्न ठरलेला: “अहो, कॅप्चा तर दिसतोय पानावर, मग हे येतात कुठून?”

कॅप्चा पानावर दिसतो, पण बॉट, म्हणजे फॉर्म आपोआप भरणारा प्रोग्राम, बहुतेक वेळा पानावर येतच नाही. तो एकदा फॉर्मचा कोड वाचतो, माहिती कोणत्या पत्त्यावर जाते ते टिपून घेतो आणि नंतर थेट त्या पत्त्यावर विनंत्या धाडतो. ब्राउझर नाही, पानात चालणारा जावास्क्रिप्ट कोड नाही. ‘हे रकाने भरणं आवश्यक’, ईमेलची तपासणी, कॅप्चाचा चौकोन, यातलं काहीच त्याच्या वाटेत येत नाही. निर्णय सर्व्हरवर व्हायला हवा, आणि नेमका तिथलाच कोड बऱ्याच साइटवर अर्धवट सोडलेला असतो.

टोकन येतं, पण ते तपासतं कोण?

आधी एक साधी चाचणी करा. कर्ल किंवा पोस्टमन (सर्व्हरला थेट विनंती पाठवणारी साधनं) वापरून फॉर्मच्या पत्त्यावर नाव, फोन, मजकूर पाठवा. कॅप्चाचं टोकन (कॅप्चा पार केल्याचा सांकेतिक पुरावा) मुद्दाम पाठवूच नका. मेल आला, तर तुमचा कॅप्चा निव्वळ शोभेचा आहे.

रिकॅप्चा, एचकॅप्चा, क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल, तिघांची पद्धत सारखीच. ब्राउझरला टोकन मिळतं, ते फॉर्मसोबत सर्व्हरवर येतं, आणि सर्व्हरने सिक्रेट कीसह (फक्त सर्व्हरला माहीत असलेल्या गुप्त किल्लीसह) ते त्या कंपनीच्या ‘साइटव्हेरिफाय’ पत्त्यावर पाठवून खरं-खोटं करायचं असतं. ही शेवटची पायरी गाळली जाते. काही जण ती करतात, पण उत्तर नीट वाचत नाहीत. टोकन खोटं असलं तरी रिकॅप्चाचं उत्तर २०० (म्हणजे ‘ठीक’) या कोडनेच येऊ शकतं, म्हणून आतली ‘सक्सेस’ची किंमत पाहावी लागते. रिकॅप्चाच्या व्ही-३ म्हणजे तिसऱ्या आवृत्तीत तेवढ्यानेही भागत नाही. तिथे ‘सक्सेस’चा अर्थ फक्त टोकन अस्सल आहे एवढाच, पाठवणारा माणूस वाटतो की बॉट, हे ०.० (बहुधा बॉट) ते १.० (बहुधा माणूस) मधल्या स्कोअरवरून ठरतं. सुरुवातीला ०.५ ची रेषा ठेवा, थोडे दिवस लॉग (सर्व्हरवरच्या नोंदी) बघा, मग ती हलवा.

उलट तक्रारही येते. “गिऱ्हाईक म्हणतं, फॉर्म जातच नाही.” रिकॅप्चाचं टोकन २ मिनिटं चालतं, टर्नस्टाइलचं ५ मिनिटं, आणि दोन्ही एकदाच वापरता येतात. व्ही-३ चं टोकन पान उघडतानाच काढून ठेवलं, तर द्राक्षाची जात, पेटीचं वजन, कोणत्या बंदरावर माल हवा हे सगळं भरेपर्यंत ते मरून जातं. ते सबमिटच्या क्षणी काढायचं. नेट मंद असेल तर माणूस बटण दोनदा दाबतो. पहिली विनंती पोहोचते, दुसरी वापरलेलं टोकन म्हणून परत येते, आणि माहिती पोहोचलेली असूनही त्याला एरर दिसते. पहिल्या दाबानंतर बटण बंद करा.

साइट बनवताना चाचणीसाठी वापरलेल्या ‘टेस्ट की’ तशाच राहिल्यात का, हेही बघून घ्या. त्या बहुधा सगळ्यांनाच पास करतात. आणि सिक्रेट की जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली सापडली, तर ती रद्द करून नवी काढा.

आयपी बंद करण्याची घाई

लॉगमध्ये एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) भरमसाट विनंत्या दिसतात, हात शिवशिवतात, आयपी ब्लॉक होतो. संध्याकाळी कळतं की फॉर्म सगळ्यांसाठीच बंद पडलाय. साइट क्लाउडफ्लेअरमागे असेल, म्हणजे विनंत्या आधी त्यांच्या सर्व्हरवरून येत असतील, तर सर्व्हरला पाहुण्याचा नाही, क्लाउडफ्लेअरचाच आयपी दिसतो. खरा आयपी विनंतीसोबत येणाऱ्या ‘सीएफ-कनेक्टिंग-आयपी’ या हेडरमध्ये असतो, आणि विनंती क्लाउडफ्लेअरच्या जाहीर केलेल्या आयपी-पट्ट्यांतून आली असेल तरच त्यावर विश्वास ठेवायचा. ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हा हेडर डोळे झाकून वाचू नका, त्यात कोणीही काहीही लिहून पाठवू शकतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्यामागे ठेवतात. त्यामुळे एका आयपीवर कायमची बंदी म्हणजे निम्मा कॉलेज रोड बाहेर. बंदीऐवजी मर्यादा ठेवा: ठरावीक वेळेत ठरावीक इतकेच फॉर्म, वर गेलं की ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’) हा कोड आणि थोडं थांबण्याचा निरोप. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या लॉजवाल्यांनी २०२७ च्या सिंहस्थाआधी ही मर्यादा पुन्हा तपासावी. एकाच वायफायवर बसलेला यात्रेकरूंचा जथा बॉटसारखाच दिसतो.

परदेश बंद, परकी लिपी बंद

हा सल्ला फार सहज दिला जातो आणि नाशिकसाठी तो सर्वांत महागात पडू शकतो. इथली द्राक्षं नेदरलँड्सला जातात, रशियाला जातात, बांगलादेशला जातात. निर्यातदाराच्या साइटवर भारताबाहेरचे आयपी बंद करणं किंवा रशियन लिपीतला मजकूर थेट फेकून देणं म्हणजे स्वतःच्या हाताने दुकानाचं शटर ओढणं. तेही जानेवारी ते एप्रिलच्या ऐन हंगामात. शब्दांच्या काळ्या यादीचंही तेच. ‘लोन’ हा शब्द अडवला, तर ट्रॅक्टरच्या डीलरला ‘लोन मिळेल का’ विचारणारा शेतकरी आधी अडकतो. अशा खुणांना गुण द्या: लिंका जास्त असल्या की दोन, परका देश एक, आणि बेरीज एका हद्दीपुढे गेली तरच मेल बाजूला काढा.

नाव तपासणारा पॅटर्न फक्त इंग्रजी अक्षरं मान्य करत असेल तर मराठीत नाव लिहिणारा बाद. ‘कोणत्याही लिपीचं अक्षर चालेल’ असा नियम लावणारेही इथे फसतात, कारण युनिकोडच्या हिशेबात काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नसून ‘मार्क’ या वेगळ्या गटात मोडतात. तो गट जोडला नाही तर ‘पवार’सुद्धा जात नाही, कारण त्यातला काना अडतो.

लपवलेला रकाना खऱ्या माणसालाच पकडतो

हनीपॉट, म्हणजे माणसाला न दिसणारा आणि बॉट हमखास भरतो असा रकाना, हा उपाय स्वस्त आणि चांगला आहे. त्याचं नाव ‘फोन’ किंवा ‘कंपनी’ ठेवलंत की क्रोमचं ऑटोफिल तो भरून टाकू शकतं आणि बिचारं गिऱ्हाईक बॉट ठरतं. नाव निरर्थक ठेवा, टॅब दाबून तिथे पोहोचता येणार नाही असं करा, स्क्रीन रीडरपासूनही लपवा. फॉर्म किती सेकंदांत भरला हे मोजत असाल तर वेळेचा शिक्का सर्व्हरने सही करून द्यायला हवा, नाहीतर बॉट हवी ती वेळ लिहून पाठवेल. पान कॅशमधून (साठवलेल्या जुन्या प्रतीतून) जात असेल तर शिक्का शिळा निघतो. कॉन्टॅक्ट पान कॅशमधून वगळा.

स्पॅम थांबला, पण एन्क्वायरीही थांबल्या

इथे दोष बहुधा मेलच्या रचनेत सापडतो. फॉर्म भरणाऱ्याचा ईमेल प्रेषक म्हणून टाकला की मेल त्याच्या डोमेनच्या नावाने तुमच्या सर्व्हरवरून निघतो, एसपीएफ आणि डीमार्कच्या (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का, हे पाहणाऱ्या) तपासणीत नापास होतो, आणि जीमेल तो स्पॅममध्ये टाकतं किंवा नाकारतं. प्रेषक तुमच्याच डोमेनचा ठेवा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये द्या. नाव आणि विषय यांतले नव्या ओळीचे कॅरेक्टर सर्व्हरवर काढून टाका. नाहीतर बॉट तिथून ‘बीसीसी’ची (लपवलेल्या प्रतींची) ओळ घुसवतो आणि तुमच्या फॉर्ममधून जगाला मेल पाठवतो.

‘धन्यवाद, लवकरच संपर्क करू’ हा आपोआप जाणारा मेल मी शक्यतो बंदच ठेवायला सांगतो. बॉट तिथे तिसऱ्याचाच ईमेल टाकतो, तुमचा सर्व्हर त्या अनोळखी माणसाला मेल करतो आणि नाव तुमच्या डोमेनचं खराब होतं. आभार पानावरच माना.

संशयित फॉर्म पुसू नका, शेरा मारून डेटाबेसमध्ये वेगळ्या यादीत ठेवा. कॅप्चाची सेवाच बंद असेल तेव्हाही हेच करा: पाच सेकंद वाट बघा, उत्तर नाही आलं तर फॉर्म स्वीकारा आणि या यादीत टाका. ही यादी हंगामात रोज, एरवी आठवड्यातून एकदा, ज्याला गिऱ्हाईक ओळखता येतं त्याने चाळावी. साइटवाल्याला डच खरेदीदार आणि लिंका विकणारा यातला फरक कळेलच असं नाही. नोंदी महिनाभर ठेवून काढून टाका, कारण त्यात लोकांचे फोन नंबर असतात.