कॅनू, पाठपिशव्या आणि पोर्टेज: अल्गोंक्विनमध्ये या चुका टाळा

टोरंटोहून तीनेक तासांवर असलेलं अल्गोंक्विन पार्क 1893 साली स्थापन झालं. तिथल्या शेकडो तलावांमधून कॅनूने, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद होडीने, फिरता येतं. एक तलाव संपला की कॅनू डोक्यावर घ्यायची, सामान पाठीवर टाकायचं आणि जंगलवाटेने पुढच्या तलावापर्यंत चालायचं. या वाटेला पोर्टेज म्हणतात. टोरंटो परिसरातली बरीच मराठी मंडळी आता लाँग वीकेंडला तिकडे जातात. वल्हवण्याची तयारी बहुतेकांची असते, पण दिवस कोलमडतो तो पोर्टेजवर.

नकाशावरचं अंतर एकदाच मोजणं

पिवळ्या पाटीवर पोर्टेजची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. सगळं सामान एका खेपेत जात असेल, तरच तेवढं चालणं पुरतं. दोन खेपा केल्या तर जायचं, रिकाम्या हाताने परत यायचं आणि पुन्हा जायचं. म्हणजे 1 किलोमीटरचं पोर्टेज 3 किलोमीटरचं होतं. ‘कॅनू लेक’ या तलावावरून निघालात तर ‘जो लेक’ या तलावाच्या आधीचं पहिलंच पोर्टेज जेमतेम 295 मीटरचं आणि सोपं आहे. त्यावरून पुढच्या दिवसाचा अंदाज बांधू नका. चिखल, मुळं आणि चढ असलेल्या वाटेवर तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त वेळ जातो.

सुटं सामान

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात कॅमेरा, काखेत जॅकेट, वर कोणाची तरी चप्पल. काठावर उतरल्यावर हे गोळा करण्यातच वेळ जातो आणि काहीतरी मागे राहतंच. घरून निघतानाच ठरवा: जे सॅकमध्ये मावत नाही, ते येणार नाही. वल्ही आणि लाईफ जॅकेट एवढाच अपवाद. डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्या तर आतल्या भागात न्यायला बंदीच आहे. सुकं खाणं नेलंत तर ओझंही उतरतं. पहिल्या खेपेला सॅक न्या म्हणजे वाट पाहून होते, मग कॅनू घेऊन जाताना निसरडे दगड कुठे आहेत ते ठाऊक असतं. आणि सामान काठाच्या बाजूला ठेवा, मागून येणाऱ्यांना उतरायला जागा लागते.

मान आखडते, समोरचं दिसत नाही

केव्हलारची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) कॅनू साधारण 20 किलोची, ॲल्युमिनियमची 30 किलोच्या पुढे. भार मधल्या आडव्या जुवावरून दोन्ही खांद्यांवर यायला हवा. तो मानेच्या मणक्यावर येत असेल तर गाद्या सरकवून घ्या. पुढचं टोक सतत खाली झुकत असेल, तर आत साचलेलं पाणी किंवा पुढे बांधलेली पिशवी हेच बहुधा कारण असतं. आधी ते काढा. टोक किंचित वर राहिलं की वाट दिसते. एकट्याने झटका देऊन उचलू नका. एकाने एक टोक वर धरावं, दुसऱ्याने खाली शिरून जू खांद्यावर घ्यावं.

बूट कोरडे ठेवायचा हट्ट

कॅनूतून दगडावर उडी मारणारा माणूस घोटा मुरगळून घेतो किंवा कॅनू उलटवतो. घोटाभर पाण्यात सरळ पाय ठेवा. बूट भिजू द्या, कोरडी जोडी मुक्कामासाठी सॅकमध्ये असू द्या. कॅनूही खडकावर घासत नाही.

कॅनू एकाच बाजूला वळते

मागे बसणाऱ्याच्या वल्ह्याचा वळवण्याचा जोर जास्त असतो. तो उजवीकडे वल्हवत असेल तर कॅनू डावीकडे जाते. बाजू बदलत बसण्यापेक्षा फटक्याच्या शेवटी अंगठा खाली वळवून पात्याने पाणी बाहेर ढकला, दिशा सुधारते. समोरून वारा असताना पुढचं टोक भरकटत असेल, तर जड सॅक पुढे सरकवा. लाटा वाढल्या की सीटवरून उतरून गुडघ्यांवर बसा आणि काठाकाठाने चला. ओपिओंगोसारख्या मोठ्या तलावावर दुपारी वारा चढतो, म्हणून तो सकाळीच ओलांडावा. बर्फ वितळून जेमतेम काही आठवडे झालेले असतात, तेव्हा मे महिन्यातलं पाणी फार थंड असतं. लाईफ जॅकेट सॅकवर बांधून नाही, अंगात घालूनच बसा. शिटीही त्यालाच बांधा.

उशिरा पोचणं

मुक्कामाचं परमिट तलावाचं मिळतं, ठराविक जागेचं नाही. नारिंगी पाटी असलेली जागा रिकामी दिसली की ती तुमची. शांत पाण्यावर तासाला 4 ते 5 किलोमीटर होतात, पण दुपारच्या वाऱ्यात तो वेग टिकत नाही. दुपारी तीनच्या सुमारास मुक्कामाच्या तलावावर असाल असा बेत आखा. पहिली जागा भरलेली निघाली तर पुढचे दोन-तीन काठ धुंडाळायला उजेड उरतो, आणि अंधाराआधी खाण्याची पिशवी अस्वलापासून दूर, उंच फांदीवर टांगताही येते.