घरी गिटार रेकॉर्डिंग: डीआय आणि रीॲम्प बॉक्स कसे निवडावेत

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गिटारवादकाची अडचण ठरलेली: वाजवायला निवांतपणा मिळतो रात्री, आणि ॲम्पचा आवाज वाढवता येतो दिवसा. यावर रीॲम्पिंगसारखा उपाय नाही. रात्री गिटारचा कोरा, म्हणजे ॲम्पमधून न गेलेला सिग्नल रेकॉर्ड करून ठेवायचा. नंतर सवडीने तोच सिग्नल इंटरफेसमधून (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणातून) बाहेर काढून ॲम्पला द्यायचा आणि ॲम्पसमोर माइक लावून पुन्हा रेकॉर्ड करायचा. वादन तेच राहतं, टोन हवा तितक्या वेळा बदलता येतो. अमेरिकन साउंड इंजिनिअर जॉन क्युनिबर्टी यांनी १९९० च्या दशकात खास या कामाचा बॉक्स ‘रीॲम्प’ नावाने बाजारात आणला आणि पुढे या पद्धतीलाच ते नाव पडलं.

त्यासाठी लगेच दोन बॉक्स विकत आणू नका: गिटारचा सिग्नल रेकॉर्डिंगजोगा करणारा डीआय (डायरेक्ट इनपुट) आणि तो परत ॲम्पजोगा करणारा रीॲम्प बॉक्स. खर्चाचा क्रम नीट लावला तर बहुतेकांचं काम एकाच बॉक्समध्ये भागतं.

१. आधी इंटरफेस तपासा

त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं बटण आहे का पाहा. असेल तर डीआय तुमच्याकडे आहेच. पॅसिव्ह पिकअपला (बॅटरी नसलेल्या साध्या पिकअपला) समोर मोठा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा, लागतो. गिटार ॲम्पचा इनपुट साधारण १ मेगओहमचा असतो. तीच गिटार १०-२० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली की पिकअपवर भार येतो आणि वरच्या पट्टीची चमक मरते. ती नंतर ईक्यूने नीट परत आणता येत नाही. केबलही लांबलचक नको, ३ ते ५ मीटर पुरे.

२. वेगळा डीआय केव्हा घ्यावा

इंटरफेसला इन्स्ट इनपुट नसेल, किंवा रेकॉर्ड करताना गिटार त्याच वेळी ॲम्पमध्येही ऐकायची असेल, तर घ्या. डीआयवरचं ‘थ्रू’ सॉकेट याच कामाचं.

पॅसिव्ह पिकअपच्या गिटारसाठी माझं मत ॲक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणाऱ्या डीआयला आहे. कंट्रीमन टाइप ८५ चा इनपुट १० मेगओहमचा आहे, त्यामुळे पिकअपवर भार जवळपास येतच नाही. रेडियल जे४८ फँटम पॉवरवर, म्हणजे इंटरफेसकडून माइकच्या केबलमधून येणाऱ्या विजेवर चालतो. बजेट कमी असेल तर बेहरिंगर डीआय१०० घेऊनही सुरुवात करता येते. ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय, उदाहरणार्थ रेडियल जेडीआय, कीबोर्ड आणि ॲक्टिव्ह बेससाठी फार चांगला.

एक गोष्ट सक्त ध्यानात ठेवा: ट्यूब ॲम्पच्या स्पीकर आउटपुटमधून स्पीकर काढून तिथे डीआय लावायचा नाही. लोडशिवाय चालवलेल्या ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

३. कोरा ट्रॅक रेकॉर्ड करा

२४ बिट ठेवा आणि सगळ्यात जोरात वाजवताना शिखर उणे १० ते उणे १२ डीबीच्या आसपास राहील एवढाच गेन (इनपुटची वाढ) द्या. गेनचं बटण कुठे आहे त्याचा फोटो काढून ठेवा, पाचव्या पायरीत तो लागेल.

४. रीॲम्प बॉक्स खरंच हवा का

घरी खरा ॲम्प नसेल तर नको. न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखं मोफत सॉफ्टवेअर याच कोऱ्या ट्रॅकवर चालवा.

ॲम्प असेल तर मात्र बॉक्स घ्याच. इंटरफेसचा लाइन आउटपुट गिटारपेक्षा बराच तगडा आणि कमी इम्पीडन्सचा असतो. बॉक्स लेव्हल खाली आणतो, इम्पीडन्स वाढवतो आणि ट्रान्सफॉर्मर असेल तर कॉम्प्युटरची अर्थिंग ॲम्पपासून तोडतो. आपल्याकडची ५० हर्ट्झची घरघर बहुतेक तिथेच थांबते. घरात साधा पॅसिव्ह रेडियल प्रोआरएमपी पुरतो. घेताना लेव्हलचं बटण आणि ग्राउंड लिफ्टचा (अर्थिंगची जोडणी तोडणारा) स्विच आहे ना, एवढं पाहा. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. त्यात जिवाला धोका आहे.

आउटपुटही मोजा. फोकसराइट स्कार्लेट ४आय४ ला चार आहेत, त्यामुळे १-२ वर मॉनिटर आणि ३ वर रीॲम्प असं जमतं. २आय२ ला दोनच आहेत: तिथे गिटारचा ट्रॅक पूर्ण डावीकडे पॅन करून पहिला आउटपुट बॉक्सला द्या, बाकीचं गाणं पूर्ण उजवीकडे ठेवा आणि हेडफोनवर ऐका.

५. लेव्हल जुळवा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग रीॲम्प केलेला टोन ‘खोटा’ वाटतो. ॲम्पला गिटारकडून जेवढं व्होल्टेज मिळायचं तेवढंच बॉक्सकडून मिळालं पाहिजे, नाहीतर ड्राइव्ह (ॲम्पमधली आवाजाची फाट) बदलतो.

ॲम्प जोडण्याआधी बॉक्सचा आउटपुट त्याच इन्स्ट इनपुटला लावा (वेगळा डीआय वापरला असेल तर त्यालाच), गेन फोटोतल्या जागी ठेवा. डायरेक्ट मॉनिटर आणि ट्रॅकचं मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच बाहेर ऐकवणं) बंद करा, नाहीतर आवाज गोल फिरत राहील. आता सॉफ्टवेअरमधून १ किलोहर्ट्झचा टोन उणे १८ डीबीवर पाठवा आणि परत येणारा टोनही उणे १८ दाखवेपर्यंत बॉक्सचं बटण फिरवा. जुळलं की बॉक्सचं आणि इंटरफेसच्या आउटपुटचं बटण हलवायचं नाही.

६. ॲम्प जोडा, माइक लावा

मॉनिटरिंग इथेही बंदच. नवा ट्रॅक कोऱ्या ट्रॅकपेक्षा थोडा उशिरा येईल. काही उशीर कन्व्हर्टरचा, आणि माइक ॲम्पपासून मीटरभर दूर असेल तर सुमारे ३ मिलिसेकंद हवेचा. दोन्ही ट्रॅक स्क्रीनवर झूम करून पहिला ठळक स्ट्रोक जुळवा. एकत्र वाजवल्यावर आवाज पोकळ झाला तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा.

पेडल बॉक्स आणि ॲम्पच्या मधे खुशाल लावा, पण फझ फेससारखा फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) आणि वाह (पायाने टोन हलवणारं पेडल) यांना अपवाद करा. तसा फझ थेट पिकअपशी जोडलेला असेल तरच गिटारच्या व्हॉल्यूमला नीट प्रतिसाद देतो, आणि वाहमध्ये पाय वाजवणाऱ्याचाच लागतो. हे दोन्ही मूळ टेकमध्येच रेकॉर्ड करा.