डबा लहान करायला निघालो आणि ५ मिमीने अडलो

एमएस्सी फिजिक्स झाल्यावर अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो. पहिलं काम: पाकिटावर छापलेली तारीख वाचणाऱ्या कॅमेऱ्याचा डबा लहान करायचा. मशीनवर जागाच नव्हती. म्हटलं, त्यात काय, सगळी भिंगं निम्म्या मापाची करू.

तसं जमत नाही. भिंग निम्मं झालं तरी प्रकाशाची तरंगलांबी तेवढीच राहते. हिरव्या प्रकाशाचा ठिपका एफ/८ ला (म्हणजे नाभीय अंतर भिंगाच्या तोंडाच्या आठपट) साधारण ११ मायक्रॉनचा पडतो, मग भिंग बोटाएवढं असो की तांदळाएवढं. आमच्या सेन्सरचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा. म्हणजे एक ठिपका तीन पिक्सेलवर पसरणार. म्हणून ठिपका निम्मा करायला एफ/४ वर आलो आणि तिथून खरी कटकट सुरू झाली.

लांबी कमी करायला टेलिफोटो रचना असते: पुढे बहिर्गोल, मागे अंतर्गोल, म्हणजे नळी नाभीय अंतरापेक्षा आखूड होते. तरी पुरेना. मग भिंग आणि सेन्सरच्या मध्ये १५ मिमीचं काटकोनी प्रिझम घालून वाटच वळवली. ड्रॉइंगमध्ये मात्र त्याला नुसता आरसा धरला होता. बीके७ या नेहमीच्या ऑप्टिकल काचेत प्रतिमा जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकते. इथे ५ मिमी. नळी तर लेथवरून उतरलेली! टर्नरकाका म्हणाले, "सर, ड्रॉइंगमध्ये काच धरली नव्हती का?" मग त्यांनीच रिंग कापून दिली.

फोकस लागला, पण चित्राची एक कड काळपट. बीके७ चा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या पुढे किरण काचेतून बाहेर न पडता पूर्ण परततो तो, ४१ अंशांच्या आसपास असतो. ४५ वर आपटणारा मधला किरण पूर्ण परततो, पण एफ/४ चा शंकू पसरट, त्याच्या एका बाजूचे किरण काचेतून निसटतात. प्रिझमच्या कर्णाच्या पृष्ठावर ॲल्युमिनियमचा थर चढवून आणला तेव्हा सुटलो. (अक्षरंही उलटी दिसत होती, परावर्तन एकच ना. ते सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत मिटलं.)

नवीन असाल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन-तीन किरण कागदावर हाताने काढा, काचेच्या जाडीसकट. जुन्या बाजारातली बिघडलेली दुर्बीण खोलून बघा, आतल्या प्रिझमनी वाट कशी दुमडलीय ते कळेल.

आणि टर्नरकडे अगदी काटेकोर मापं मागू नका. एफ/४ ला फोकसची मुभा जेमतेम १४ मायक्रॉन इकडे-तिकडे, लेथवर तेवढं दर नगाला कोण देणार? मी आता सेन्सरपुढे बारीक आट्यांची रिंग ठेवतो. फिरवत फिरवत तारीख स्पष्ट दिसली की ग्रब स्क्रू आवळायचा.