पान रिफ्रेश न करता चालणारा काउंटडाउन

भाद्रपद जवळ आला की बडोद्यातल्या गणेश मंडळांच्या वेबसाइटवर 'प्रतिष्ठापनेला उरले इतके दिवस' अशी पाटी लागते. पुष्कळदा ती गोठलेली असते. पान उघडलं तेव्हाचे आकडे रिफ्रेश करेपर्यंत तसेच राहतात, कारण ते पीएचपीने (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेने) सर्व्हरवर काढून पाठवलेले असतात आणि पान मोबाइलवर पोचलं की पीएचपीचं काम संपलं. त्यावर दर सेकंदाला रिफ्रेश करणारा मेटा टॅग लावणं हा इलाज नव्हे: वर्गणीचा फॉर्म भरता भरता पुसला जातो आणि सर्व्हरला फुकटचा ताप. हिशेब ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनेच करायचा.

पानावर चार स्पॅन, म्हणजे मजकुराचे छोटे खण, ठेवा (दिवस, तास, मिनिटं, सेकंद) आणि प्रत्येकाला वेगळा आयडी द्या. स्क्रिप्टला डिफर (पान तयार झाल्यावरच चाल, अशी सूचना) लावा किंवा ती बॉडीच्या शेवटी टाका. हेडमध्ये तशीच ठेवली तर ती स्पॅन तयार होण्याआधीच चालते, तिला नल, म्हणजे 'काहीच नाही', मिळतो आणि सगळं तिथेच थांबतं.

आता मुहूर्त. समजा १४ सप्टेंबर २०२६, गणेश चतुर्थी, सकाळचे ११. कोडमध्ये आधी वर्ष-महिना-दिवस, मग इंग्रजी टी, मग वेळ, आणि शेवटी अधिक ०५:३०. हे शेपूट विसरलात तर ब्राउझर ती वेळ बघणाऱ्याच्या गावची धरतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात टायमर बरोबर चालेल, पण न्यू जर्सीतल्या लेकीला इथली आरती सुरू झाली तरी साडेनऊ तास शिल्लक दिसतील. नुसती तारीख दिली, वेळ नाही, तर आणखी गंमत: ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र मानली जाते, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. सुटे आकडे देऊन तारीख बनवत असाल तर महिने शून्यापासून मोजले जातात. सप्टेंबर म्हणजे ८. आणि कोडमधले अंक इंग्रजीच हवेत. देवनागरी अंकांची तारीख जावास्क्रिप्टला वाचता येत नाही, मग चारही खणांत एनएएन, म्हणजे 'हा आकडा नाही', उमटतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजण्यात. एका व्हेरिएबलमध्ये उरलेले सेकंद ठेवायचे आणि सेटइंटरव्हलने दर १००० मिलिसेकंदांनी एक कमी करायचा, हे सोपं वाटतं आणि चुकतं. १००० म्हणजे 'निदान इतक्या वेळाने'. थोडा उशीर होतोच आणि तो साठत जातो. त्यात टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर मंदावतो. क्रोम ८८ पासून, म्हणजे २०२१ पासून, टॅब पाच मिनिटं झाकलेला राहिला की असे टायमर मिनिटातून एकदाच जागे केले जाऊ शकतात. साठ सेकंद गेले, तुमचा आकडा एकानेच उतरला. म्हणून टायमरला मोजू द्यायचंच नाही. तो फक्त उठवतो. प्रत्येक वेळी मुहूर्तातून डेट डॉट नाऊ, म्हणजे आत्ताची वेळ, नव्याने वजा करायचं.

उरलेले मिलिसेकंद १००० ने भागा आणि मॅथ डॉट सीलने वरचा पूर्णांक घ्या. फ्लोअर, म्हणजे खालचा पूर्णांक, घेतला तर मुहूर्ताच्या एक सेकंद आधीच शून्य दिसतं. मग दिवसाला ८६,४००, तासाला ३,६०० आणि मिनिटाला ६०. २,००,००० सेकंद उरले असतील तर दिवस २, बाकी २७,२००. तास ७, बाकी २,०००. मिनिटं ३३, सेकंद २०. इथल्या भागाकारांना मात्र फ्लोअरच.

पुढच्या वेळी उठवायला सेटइंटरव्हलऐवजी एकदाच उठवणारा सेटटाइमआउट वापरा. थांबायचा वेळ: उरलेल्या मिलिसेकंदांना १००० ने भागून येणारी बाकी, अधिक २०. प्रत्येक टिक सेकंद बदलला की लगेच पडते, आणि मधूनच ४१ नंतर एकदम ३९ दिसणं बंद होतं. व्हिजिबिलिटीचेंज या घटनेवरही तेच फंक्शन लावा, म्हणजे टॅबवर परतताच आकडा जागेवर येतो. मात्र आधीचा टाइमआउट रद्द करून मगच. नाहीतर दोन साखळ्या समांतर धावत राहतात.

आकडे टेक्स्टकंटेंटने बदला. सगळा डबा इनरएचटीएमएलने दर सेकंदाला नव्याने बांधायची गरज नाही. मराठी अंक हवे असतील तर इंटल नंबरफॉरमॅटला एमआर-आयएन ही भाषा आणि किमान दोन अंक सांगा, ७ चे ०७ होतील. देवनागरी १ आणि ८ ची रुंदी बऱ्याच फॉन्टमध्ये सारखी नसते, म्हणून ओळ थरथरते. प्रत्येक स्पॅन इनलाइन-ब्लॉक करून रुंदी ठरवून द्या, दीड-दोन ईएम (फॉन्टच्या आकारावरचं माप) पुरते. दिवस शंभरावर असतील तर त्या खणाला जास्त. बदल वाचून दाखवायला सांगणारं एरिया-लाइव्ह लावू नका, अंधांसाठी पान वाचणारा स्क्रीन रीडर दर सेकंदाला बोलत बसेल. रोल टायमर ठेवा.

बघणाऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर? आरतीच्या पाटीसाठी एवढं करू नये. पण बुकिंग उघडायचं असेल तर सुरुवातीला आपल्याच सर्व्हरला एक हेड रिक्वेस्ट (मजकुराशिवाय नुसती माहिती मागणारी) नो-स्टोअर लावून, म्हणजे साठवलेलं उत्तर न घेता, पाठवा, उत्तरातल्या डेट हेडरमधून सर्व्हरचं घड्याळ किती पुढे आहे तो फरक काढा आणि प्रत्येक वेळी तो डेट डॉट नाऊमध्ये मिळवून मगच वजाबाकी करा. या हेडरमध्ये पूर्ण सेकंदच असतात, तेवढी चूक राहणार. बुकिंग खरोखर उघडलं की नाही हे तरीही सर्व्हरनेच तपासायचं. ब्राउझरमधलं बटण कुणीही उघडू शकतो.

वजाबाकी शून्य किंवा कमी आली की पुढचा टाइमआउट लावू नका आणि खणांच्या जागी 'गणपती बाप्पा मोरया' लिहा. ही अट राहिली तर दुसऱ्या दिवशी पाटीवर उणे दोन दिवस लटकलेले दिसतात.