जुनी गाडी, नवे पार्ट आणि तोच बिघाड : या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो आणि सकाळी सातला नाशिकच्या सोसायट्यांच्या पार्किंगमधून कट-कट-कट असा आवाज येऊ लागतो. पंधरा-वीस वर्षांची एमएच-१५ ची मारुती ८००, झेन, सँट्रो नाहीतर इंडिका. सेल्फ मारला की डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, इंजिन काही फिरत नाही. बहुतेक जण तिथेच निदान करून मोकळे होतात : बॅटरी बसली. नवी बॅटरी येते, चार दिवस गाडी चालते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीच कट-कट.

जुन्या गाडीवर पैसा वाया जातो तो मुख्यतः असा, अंदाजाने पार्ट बदलण्यात. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, दहा-बारा नंबरचे पाने आणि पॉलिश पेपर एवढ्यावर खालचे बरेच बिघाड घरच्या घरी पकडता येतात. दुरुस्ती भले मिस्त्रीकडून करून घ्या. पण काय बिघडलंय हे सांगून काम दिलं की बिल आटोक्यात राहतं.

सेल्फ फिरत नाही म्हणून थेट बॅटरी बदलणे

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर थेट बॅटरीच्या खांबांवर (वर आलेले शिसाचे दांडे) लावा, क्लॅम्पवर (त्यांना धरणारी तारेची पकड) नाही. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी असेल तर आधी चार्ज करून घ्या, नाहीतर पुढची तपासणी फसवेल. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी खरंच थकली आहे. साडेदहा-अकरावर टिकला आणि तरी सेल्फ रडत-रडत फिरतोय, तर करंट वाटेत कुठेतरी अडतोय.

ही अडलेली जागा शोधायला पाच मिनिटं लागतात. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या गाडीत कॉइलची बारीक तार काढा, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल पिन इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ बोल्टवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब आहे. मग एक पिन प्लस खांबावर आणि दुसरी सेल्फच्या जाड तारेच्या नटावर ठेवून तेच करा. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून जास्त आलं तर तार, तिचा लग (टोकाची धातूची कडी) किंवा टर्मिनल खराब.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर, कारण हा बिघाड वेष बदलून येतो. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त एका पट्टीने किंवा तारेने जोडलेला असतो. ही पट्टी पावसाळ्यात गंजते, नाहीतर क्लचच्या कामात काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. करंट मात्र परतीची वाट शोधतोच. सेल्फचा शंभराहून जास्त अँपिअरचा करंट मग अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून परत जातो. केबल तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ पडतं आणि काही दिवसांत पेडल जड व्हायला लागतं. मालक केबल बदलतो, सहा महिन्यांत पुन्हा बदलतो. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर केबलचं टोक हाताला गरम लागत असेल, तर केबल ठेवा बाजूला आणि अर्थिंगची पट्टी बघा.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा (बॅटरीची झाकणं घट्ट लावून), खांब आणि क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने घासा, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊ नये म्हणून. ढिल्या क्लॅम्पमध्ये खिळा ठोकून भागवायची आपल्याकडे फार हौस आहे. त्याने शिसाचा खांब फाटतो, आणि क्लॅम्प बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो.

कट-कट न होता एकच जोरदार ‘टक’ येत असेल आणि हेडलाइट मंदावत नसतील, तर सेल्फचं सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा ब्रश (आतले कार्बनचे तुकडे) बघायला सांगा. हेडलाइट विझल्यात जमा होत असतील तर पुन्हा बॅटरी आणि टर्मिनल.

चालू गाडीची बॅटरीची तार काढून डायनामो तपासणे

‘तार काढली तरी गाडी चालू राहिली, म्हणजे डायनामो चांगला.’ ही तपासणी अजूनही सर्रास होते. डायनामोच्या जागी आलेल्या आजच्या अल्टरनेटरवर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ती महागात पडते. बॅटरी ही त्याच्यापुढची गादी आहे. ती अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), कधी थेट ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून, हलका रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही साडेतेराच्या आसपास राहायला हवेत. कमी असतील तर आधी बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. साधारण सेंटिमीटरभर दबावा, त्याहून जास्त नको. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. बॅटरीचं पाणी सारखं संपणं आणि बल्ब वारंवार उडणं ही त्याचीच लक्षणं.

चार्जिंग ठीक आणि तरी गाडी तीन दिवस उभी राहिली की बसते? मग उभ्या गाडीत कुणीतरी करंट पितंय. सगळं बंद करा, मायनसची तार काढा आणि तार व खांब यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. पंधरा-वीस मिनिटं थांबून वाचा. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं. ३०० दिसले तर दिवसाला सात अँपिअर-अवर गेले, आणि लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याहून खाली येते. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल ती लाइन दोषी. डिकीचा न विझणारा दिवा आणि मागाहून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा अलार्म यांच्यावर पहिला संशय घ्या. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे

हा सल्ला इतका रुजलाय की कित्येक जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नावाची वस्तूच उरलेली नाही. त्याशिवाय इंजिन कामाच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त जातं, अ‍ॅव्हरेज घसरतं, थंडीत पिकअप मरतो. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅसवर ठेवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. पाणी उकळलं तरी बंदच राहिला तर फेकून द्या आणि त्याच आकड्याचा नवा बसवा.

पण त्याआधी एक प्रश्न विचारा : गाडी गरम कुठे होते? द्वारका चौकाच्या कोंडीत काटा चढतो आणि हायवेला लागताच उतरतो, तर रेडिएटरचा पंखा फिरत नाहीये. कोंडीत ठीक, पण कसारा घाट चढताना चढतो, तर रेडिएटर चोक, वॉटर पंप झिजलेला किंवा खालचा होस पाइप आत चिकटतोय. दोन्हीकडे तापते आणि पाणी कमी होतं, तर गळती, कॅप किंवा हेड पॅकिंग (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं).

ज्या जुन्या गाड्यांत पंख्याला रेडिएटरवरचा दोन तारांचा थर्मो स्विच आहे, तिथे स्विचचं कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडा आणि चावी ऑन करा. पंखा फिरला तर स्विच खराब. नाही फिरला तर फ्यूज, रिले (बारीक करंटने चालणारा मोठा स्विच) आणि मग मोटर. पंखा ईसीयूवर चालणारी गाडी असेल तर सेन्सरशी हा प्रयोग करू नका.

रेडिएटरची कॅप हा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. तो दाब टिकला तरच पाणी शंभर अंशांच्या बरंच पुढे जाऊन उकळतं. रबर कडक झालं की दाब सुटतो आणि सगळं ठीक असूनही घाटात वाफ निघते. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढा, रबर नखाने दाबा. चीर दिसली की नवी घ्या, आकडा तोच बघून.

बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा पांढरा खडा बादलीवरसुद्धा दिसतो. तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिक्स.

सकाळी थंड इंजिनची कॅप काढून गाडी सुरू केल्यावर तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, आणि एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड पॅकिंग गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत फक्त घर ते शाळा अशी दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही येते. डिपस्टिकवरही (ऑइल मापायची पट्टी) तसंच दिसलं तर मात्र गाडी चालवू नका.

आणि घाटात काटा लालवर गेलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. मग सुरक्षित जागा बघून थांबा. कॅपला अर्धा-पाऊण तास हात नाही, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकतं.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणे

फ्यूज तारेला वाचवायला असतो. १० चा लाल उडतोय म्हणून २० चा पिवळा टाकला तर आता तारच फ्यूज झाली. पुन्हा उडत असेल तर फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब जोडा आणि वायरिंग हलवत जा. शॉर्ट आहे तोवर बल्ब लख्ख पेटतो, सुटला की मंद होतो किंवा विझतो. दरवाजाच्या बिजागरीजवळचं आणि डिकीच्या झाकणाकडे जाणारं वायरिंग आधी बघा, तिथे तारा रोज वाकतात.

हेडलाइट मंद म्हणून १०० वॅटचे बल्ब घालणंही त्यातलंच. दोन बल्बांचे मिळून सोळा-सतरा अँपिअर जुन्या स्विचमधून गेले की स्विच आणि होल्डर वितळतात. ६०/५५ वॅटचेच बल्ब ठेवा आणि रिलेचं वायरिंग घाला. फरक रात्री दिसेल.

मिस मारते म्हणून लगेच कार्बोरेटर खोलणे

इंजिन झटके देत चालत असेल तर आधी स्पार्क प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोक, ओलं तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. गॅप फीलर गेजने मापा, तुमच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवून बसवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे पान्याच्या जोराने गेले की काम मोठं होतं.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. पेट्रोलचे पाइप बोटांनी दाबून बघा. चिकट, फुगलेले किंवा भेगाळलेले असतील तर इथेनॉलला चालणारे पाइप आणि नव्या क्लिपा एकदमच घाला. इथेनॉल दमटपणा ओढतं, म्हणून पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका.

चाक जाम होतं म्हणून थेट कॅलिपर बदलणे

सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरल्यावर एका पुढच्या चाकाला जळका वास येतो, गाडी त्या बाजूला ओढते. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा, चाक जॅकवर घ्या, एकाला ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. जाम असेल तर ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा बारीक स्क्रू) अर्धा आटा सोडा. फ्लुइडची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकलाय : रबरी होस आतून सुजलाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा ब्रेकचा पंप) दाब सोडत नाही. निपल सोडूनही जामच, तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन किंवा तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना गंजल्यात. पिना साफ करून रबराला चालणारं ब्रेकचंच ग्रीस लावलं की बरेचदा भागतं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. फ्लुइड झाकणावर लिहिलेलाच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि दर दोन वर्षांनी बदला. पाणी शोषलेला फ्लुइड घाटातल्या उष्णतेला उकळतो आणि पेडल तळाला जातं. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला.